चहातून दिलेलं औषध

"हिनंच दिलं! जमादार, हिनंच औषध दिलं माझ्या भावाला! विचारा, माझ्या म्होरं विचारा, तोंडानं कबूल करती!"

मयताचा धाकटा भाऊ ठाण्याच्या पडवीत उभा राहून इतक्या जोरात ओरडत होता, की भिंतीवरची पाल दोनदा खाली पडली आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या पायांनी उतरून शेजारच्या तहसील कचेरीत राहायला गेली. कोठडीत एकच आरोपी होता, शेळीचोरीतला. तो गजाला धरून म्हणाला, "सायेब, माजी शेळी कबूल. पर ह्येला गप करा."

बाकावर मयताची बायको बसली होती. डोक्यावरून पदर, दोन्ही हात मांडीत. नवरा आदल्या दिवशी संध्याकाळी गेला होता. लोहारा ते मुरुम काळीपिवळी जीप चालवणारा धडधाकट माणूस, चहा पिऊन आडवा झाला तो उठलाच नाही.

मी, ठाण्याचा जमादार, टेबलामागं जबाब लिहायला बसलेलो. फौजदारसाहेबांनी खुर्ची पुढं ओढली.

"बाई, खरं का हे? तुम्ही औषध दिलं?"

"दिलं की."

दिराचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या लवकर यश येईल असं त्यालाही वाटलं नसावं.

"कशातून दिलं?"

"चहातून. नुसतं कडू लागतंय म्हून. प्याले, आडवे झाले, घोराय लागले. लई मोठ्यानं, ट्रॅक्टर चढाला लागल्यागत. मंग घोरायचं थांबलं. म्या म्हनलं, गाढ झोप लागली आसंल."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे 'लिहा'. माझा हात तोवर निम्म्या पानावर पोचला होता. मी लिहिलं, 'मी माझे पतीस चहामधून विषारी औषध दिले. ते पिऊन ते झोपी गेले व मयत झाले.' घोरणं गाळलं. घोरणं कुठल्याच कलमात बसत नाही. मग जबाब वाचून दाखवला. माझं जबाब वाचणं म्हणजे लोहाऱ्याहून सुटलेल्या एसटीनं मधे एकही थांबा न घेता थेट उमरग्याच्या स्टँडात शिरावं, तसं. 'वाचून दाखविला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे' इथवर आलो तेव्हा बाईंचा अंगठा शाईत बुडालेला होता.

आता या 'औषधा'चं सांगितलं पाहिजे. आमच्याकडं हा शब्द दोन घरी जेवतो. मुरुमच्या पेठेत औषधाची दोन दुकानं शेजारी शेजारी आहेत. एकात माणसाचं मिळतं, दुसऱ्यात तुरीवर फवारायचं. आमच्या एका चुलत्यानं एकदा गड्याला औषध आणायला पाठवलं, तर तो खोकल्याची बाटली घेऊन आला आणि ती रीतसर पंपात घालून एकराला मारली. त्या वर्षी तुरीला खोकला म्हणून आला नाही. 'औषध घेतलं' म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या डॉक्टरचं? 'औषध प्यायला' म्हटलं की लोक विचारत नाहीत, पळत सुटतात. आणि 'औषध दिलं'? ते कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि शेजारी कोण ओरडतंय, यावर आहे.

माझी उभी नोकरी ठाण्यात लिहिण्यात गेली. अकस्मात मृत्यूचे इतके कागद लिहिले, की एकाला एक जोडले तर जळकोटच्या हायवेवर दोन्ही बाजूंनी अंथरता येतील आणि वर टोलनाक्याला शिल्लक राहतील. त्यातल्या निम्म्याअधिक कागदांत एकच वाक्य: 'विषारी औषध प्राशन केले.' त्यामुळं झालं काय, की माझ्या हातानं 'औषध' लिहायला घेतलं की त्याच्या आधी 'विषारी' आपोआप पडायचं. घरी किराण्याच्या यादीत मी 'डोकेदुखीचे विषारी औषध' लिहिलेलं आहे. बायको दुकानदाराला म्हणाली, "त्यातलं इषारी तेवढं सोडा, बाकीचं द्या." ती हुशार होती. त्या दिवशी ठाण्यात ती नव्हती.

पोस्टमार्टम आधीच झालं होतं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर नवे, चेहऱ्यावरून बारावीचा निकाल लागायचा असावा असे. त्यांनी मयताच्या तोंडाचा वास घेतला, नखं बघितली आणि मला म्हणाले, "जमादार, फवारणीच्या औषधाचा वास असा लपत नाही. फेस नाही, उलटी नाही. मला पटत नाही." मग त्यांनी मोठ्या सावधपणे लिहिलं, 'मृत्यूचे कारण राखून ठेवले आहे. व्हिसेरा तपासणीस.' राखून ठेवणं म्हणजे डॉक्टरांनी आपलं मत पितळी डब्यात घालून झाकण लावणं. झाकण उघडायचं लांबच्या शहरातल्या प्रयोगशाळेनं.

व्हिसेरा म्हणजे जठर, काळीज, मूत्रपिंड, यांतलं थोडं थोडं. हे बरणीत घालायचं आणि वरून मिठाचं पाणी, मीठ विरघळायचं थांबेल इतकं दाट. रक्ताची बाटली वेगळी. त्या दिवशी दवाखान्यातलं मीठ संपलेलं. शिपाई किराण्यातून पुडा घेऊन आला आणि डॉक्टरांना विचारतो कसा, "आयोडीनचं चालंल का साधं?" डॉक्टर म्हणाले, "चालेल, त्याला गलगंड व्हायचा नाही." मिठाचाही नमुना वेगळा बांधून द्यावा लागतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की विष मिठातच होतं. सरकार कुणावरही विश्वास ठेवत नाही, मिठावरसुद्धा.

बरण्या घेऊन मीच निघालो. लाखेचं सील, मांडीवर पेटी. मयत जिवंतपणी मुरुमच्या पलीकडं फारसा गेला नव्हता. मेल्यावर अर्धा मराठवाडा फिरला, तोही तिकिटाशिवाय. वाटेत एका आजीबाईंनी कोंबड्यांची डालगी माझ्या पेटीवर ठेवायला घेतली.

"आजी, त्यावर नको. आत माणूस हाय."

"कुठाय?"

"पेटीत."

आजीनं पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डालगी उचलली आणि थेट ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. पुढच्या थांब्यापर्यंत माझ्या बाजूच्या सहा सीट मोकळ्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एसटीत पाय पसरून झोपलो.

इथवर सगळं गमतीत चाललं. मग सुरू झालं वाट बघणं.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट म्हणजे काही पोळ्याची सुट्टी नव्हे, की ठरल्या दिवशी यावी. महिने जातात. मृत्यूचं कारण ठरत नाही तोवर साहेबांनी बाईंना अटक केली नव्हती. तेवढ्यात इकडं दिरानं वहिनीला घराबाहेर काढली आणि तिची मुलगी, सहा वर्षांची, ठेवून घेतली. "रिपोर्ट येऊंदे. खुन्याच्या हातात आमची लेक देत न्हाय." बाई माहेरी, जळकोटला गेल्या. गावात जबाब फुटलेला होता. आमच्या ठाण्यातली गुप्त गोष्ट सगळ्यात आधी समोरच्या चहाच्या टपरीला कळते आणि मग आम्हाला. कुणी या बाईंच्या हातचा चहा घेईना. सख्ख्या भावजयीनंसुद्धा चूल वेगळी करून दिली.

दर सोमवारी बाई जळकोटहून यायच्या, पायरीवर बसायच्या आणि एकच विचारायच्या, "आलं का?"

"न्हाय अजून."

"पोरीला बघू देतेत का ते, इचारलं का तुमी?"

"बघतो."

मी काही बघत नव्हतो. असं 'बघतो' म्हणत म्हणत माझी दृष्टी गेली असती.

एका सोमवारी त्या उठता उठता, मला असं नाही, पायरीलाच म्हणाल्या, "मणक्याचं औषध कुणाला इष व्हतंय व्हय."

मी आत आलो. फाईल काढली. माझं सुंदर, वळणदार, तालुक्यात नावाजलेलं अक्षर. 'मी माझे पतीस चहामधून विषारी औषध दिले.' मी ते तीनदा वाचलं. या खेपेला मधे सगळे थांबे घेतले. बाईंनी म्हटलं होतं औषध. विषारी माझं होतं.

आता इथं मी छाती काढून सांगावं की तसाच उठलो आणि साहेबांपुढं उभा राहिलो. तसं काही झालं नाही. मी फाईल कपाटात, कपाट कुलपात आणि किल्ली खिशात ठेवली, आणि दोन आठवडे इतकं मन लावून काम केलं, की साहेबांना वाटलं मला बढती हवी आहे.

मग रिपोर्ट आला. एक ओळ: 'तपासलेल्या नमुन्यांत विष आढळले नाही.' मी मनात ढोल बडवले. बाई सुटल्या, मी सुटलो, शब्द फाईलमध्ये कुजून जाईल. पण दीर ठाण्यात येऊन परत ओरडला. पाल नव्हतीच, या वेळी ट्यूबलाइट गेली.

"सापडत न्हाय आसलंच इष घातलंय हिनं! हिनं सवता सांगितलंय इषारी म्हून! जबाबात हाय!"

साहेबांनी डोकं खाजवलं. "जमादार, त्याचं बरोबर आहे. प्रयोगशाळा म्हणते विष नाही, बाई म्हणते विष दिलं. बाई कशाला खोटं बोलेल?"

तेव्हा मी बोललो. हळू आवाजात, दार लावून. "साहेब, तो शब्द माझा आहे. सवयीनं पडला."

साहेबांनी फाईल मिटली. मग इतकंच म्हणाले, "तुमच्या सवयीनं माणूस फासावर जाईल हो. जा त्या प्रयोगशाळेत, आणि काय ते नीट विचारून या."

म्हणून मी पुन्हा त्या लांबच्या शहरात. या वेळी पेटी नव्हती, त्यामुळं एसटीत उभं राहून. प्रयोगशाळेत तपासणाऱ्या मॅडम खिडकीशी आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, चष्मा आणि हातमोजे घातलेल्या. त्यांनी माझा फॉर्म काढून खिडकीच्या काचेला लावला.

"हे अक्षर तुमचं?"

"हो." थोडा अभिमान अजून शिल्लक होता.

"'विषारी औषध, फवारणीचे असण्याची शक्यता.' हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"जमादार, जगात विषं किती आहेत माहितीय? सगळी शोधायची म्हटली तर हा मयत माझ्या रिटायरमेंटपर्यंत पुरायचा नाही. तुमच्या कागदावर जे असतं, ते आम्ही आधी शोधतो. तुम्ही फवारणीचं म्हणालात, आम्ही फवारणीचं शोधलं. ते नाही. तुम्ही बैल हरवला म्हणून सांगितलंत आणि हरवली शेळी, तर मी गोठ्यात बैलच बघणार ना?"

बरोबर होतं. आमच्या कोठडीतल्या माणसाला हे जास्त पटलं असतं.

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "मरायच्या आधी काय झालं? जसं सांगितलं तसं. तुमच्या भाषेत नको."

मी सांगितलं. चहातून मणक्याचं औषध, आडवे झाले, घोरायला लागले.

"थांबा. घोरणं? कसं?"

"ट्रॅक्टर चढाला लागल्यासारखं. मग थांबलं."

"हे इथं का नाही?" त्यांनी फॉर्मवर बोट आपटलं.

"घोरणं गुन्ह्यात बसत नाही मॅडम."

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि परत घातला. रडल्या की हसल्या ते मला आजवर कळलेलं नाही. मग शाळेत सांगावं तसं सांगितलं. फवारणीचं विष माणसाला आडवं पाडतं ते फेस, घाम, उलट्या, झटके देऊन. घोरत घोरत श्वासच विसरून जाणं, हे वेगळ्या औषधांचं काम. दुखणं मारणारी काही, झोपेची काही. वरून दारू असली तर बघायलाच नको. "मणक्याचं औषध म्हणताय ना? ते आणा. रक्त अजून शिल्लक आहे माझ्याकडं. काय शोधायचं ते कळलं की सापडतं."

परत आलो ते थेट जळकोटला. बाई म्हणाल्या, मुरुमच्या बाजारात ताडपत्रीखाली एक मणक्याचा डॉक्टर बसतो, त्याच्या पुड्या. घरी होत्या, आता घर दिराच्या ताब्यात. हा डॉक्टर मला माहीत होता. हाडाच्या सापळ्याचं चित्र मागं टांगायचा, त्यातल्या सापळ्यालाही मिशा काढलेल्या. त्याची पुडी घेऊन एक म्हातारी म्हणे कुंपणावरून उडी मारून गेली होती. पुढं तिचा पाय मोडल्याचं कुणी सांगत नव्हतं.

दीर कुठं सापडणार? जीपवर. मयताची जीप आता तोच चालवत होता. लोहाऱ्याच्या स्टँडाबाहेर गाडी भरून उभी, आत चौदा माणसं आणि टपावर दोन. हा स्टेअरिंगवर मान टाकून बसलेला. मी खिडकीतून विचारलं, "तुझा भाऊ मणक्याच्या पुड्या घ्यायचा, त्या कुठं आहेत?"

"ह्या?" त्यानं शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढून दाखवली. "दादाच्या ढीगभर हुत्या गाडीत. म्याबी घेतो की. कंबर लई धरती गाडीवर."

"आणि तू ठाण्यात ओरडत होतास, की औषध दिलं म्हणून?"

"ह्ये औषध कुठंय जमादार? ही पुडी हाय."

माझ्या एका शब्दात दोन अर्थ होते, याच्या दोन शब्दांत एकही नव्हता. मी खिडकीतून हात घालून पुडी ओढली.

"आजची घेतलीस?"

"आत्ताच. चहासंगं. का वो?"

"भाऊ ह्यानंच गेला असावा."

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी शपथेवर सांगतो, पण कुणी विश्वास ठेवू नये. तो स्टेअरिंगवरून उठला आणि सरकारी दवाखान्याच्या दिशेनं अशा वेगानं पळाला, की त्याची चप्पल त्याच्या मागून तीन मिनिटांनी पोचली. चौदा माणसं जीपमध्ये तशीच. टपावरचे दोघं उतरले आणि त्याच्या मागं पळाले, त्यांना वाटलं पुढची गाडी तिकडनं आहे. दवाखान्यात त्याचं नरडं पुन्हा सुरू झालं: "डाक्टर, म्या घोरतोय का बघा! मला घोराय लागल्यावानी वाटतंय!" डॉक्टर म्हणाले, "ओरडतोयस तोवर काळजी नाही." तरी दिवसभर बाजेवर ठेवून घेतलं. ते शहाणपणाचं होतं.

मी गाडी धुंडाळली. ड्रायव्हरच्या सीटखाली मयताच्या वेळच्या रिकाम्या पुड्या आणि एक रिकामी दारूची क्वार्टर. बाईंनी चहातून दिली ती एक. बाकीच्या त्यानं दिवसभर गाडीवरच रिचवल्या होत्या, बायकोला न सांगता. कागद, उरलेली पूड, सगळं सील केलं. नवं पत्र लिहिलं. त्यात घोरणं लिहिलं, ट्रॅक्टरसकट. 'औषध' असं एकदाही लिहिलं नाही. माझा हात त्या शब्दाजवळ गेला की मीच त्याच्यावर डाव्या हातानं फटका मारायचो.

दुसरा रिपोर्ट तुलनेनं लवकर आला. पुडीत झाडपाला औषधापुरतासुद्धा नव्हता. कुटलेल्या गोळ्या होत्या, एक अफूच्या जातीची दुखणं मारणारी, दुसरी झोपेची. तीच दोन्ही मयताच्या रक्तात, जोडीला दारू. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राखून ठेवलेलं मत डब्यातून काढलं आणि लिहिलं: तिन्हींचा मिळून श्वास बंद. किती पुड्यांनी गेला, हे मी फोनवर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुडीत काय होतं ते मला सांगता येतं. त्यानं किती तोंडात टाकल्या, ते माझं खातं नाही." मणक्याचा डॉक्टर पुढच्या बाजारात पकडला. धरताना तो म्हणाला, "माझी पण कंबर दुखतीय, जरा हळू."

दीर स्वतः पोरीला घेऊन जळकोटला गेला. ओरडला नाही. वहिनीच्या दारात उभा राहिला, पोरीला पुढं केलं आणि म्हणाला, "वहिनी, चहा टाका." बाईंनी टाकला. तो प्याला.

मी दोन दिवसांनी गेलो. मनात भाषण तयार होतं. सरकार, विज्ञान, न्याय, सगळं बसवलेलं. पोर अंगणात शेळीच्या करडाला बांधायचा प्रयत्न करत होती आणि करडू तिला बांधत होतं. बाई भाकरी थापत होत्या. मी चुलीजवळ टेकलो आणि भाषणाच्या आधी, का कुणास ठाऊक, खरंच बोलून गेलो.

"ताई, तुमच्या जबाबात विषारी हा शब्द तुम्ही बोलला नव्हता. तो मी लिहिला. सवयीनं. आता दुसरा, पुरवणी जबाब घेतलाय, त्यात सगळं नीट आहे. पण पहिला कागद फाईलमधे तसाच राहतो. त्यात तो शब्द अजून आहे."

त्यांनी भाकरी उलटली. तव्याकडंच बघत म्हणाल्या, "मंग खोडा की."